पाळीवरचा चढ

साकोलीत गिअरच्या सायकली आता पंचवीसएक तरी झाल्या असतील, पण खरी माउंटन बाइक म्हणावी अशी एकच आणि ती आपली, असं दामिनी कापगतेचं ठाम मत होतं. ते फारसं चुकीचंही नव्हतं. फेब्रुवारीत तिनं नागपूरहून आणलेली सायकल वजनाला हलकी होती, पुढच्या चाकाला सस्पेन्शन होतं आणि टायरला बोटाच्या पेराएवढे रबरी दात. ती घरी आली त्या दिवशी दामिनीचे वडील सायकलीभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "मडगार्ड नाई, स्टँड नाई, कॅरिअर नाई. अर्धीच सायकल देल्ली का वं तुले?"

दामिनी एकतीस वर्षांची. बसस्टँडमागच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं आणि तपासायचं काम करायची. दोन वर्षांपूर्वी लागोपाठ दोन स्थळांनी ‘मुलगी जाड आहे’ असा निरोप पाठवला, तेव्हा तिनं रागाच्या भरात पहिली सायकल घेतली. राग महिन्याभरात गेला, सायकल मात्र राहिली. पहाटे उठून तीस किलोमीटर मारल्याशिवाय तिला दिवस सुरू झाल्यासारखा वाटेना. मग मनगटावर घड्याळ आलं, मोबाइलमध्ये ॲप आलं, कोणत्या तुकड्याला किती मिनिटं आणि किती सेकंद लागले त्याचे आलेख आले. डिसेंबरात सातपुड्याकडे एक डोंगरी शर्यत होती. त्यात तिला उतरायचं होतं.

अडचण एवढीच, की माउंटन बाइक घरात होती, पण माउंटन कुठे होतं? साकोलीच्या चहूकडे धानाच्या बांध्या, ताटासारख्या सपाट. नागझिऱ्याकडे टेकड्या होत्या, पण त्या जंगलात माणसानं सायकल घेऊन शिरायचं नसतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती. चढ शोधत ती महिनाभर हिंडली आणि शेवटी आठ किलोमीटरवरच्या आमटोल्याला तिला तो सापडला: गावतलावाची पाळ. वीस फूट उंच, मातीची, बाहेरच्या अंगाला गवतानं झाकलेली आणि छातीवर येईल अशी उभी.

तिथे ती रोज चार-पाच चकरा मारायची. तिरपं चढायचं, वर वळायचं, सरळ खाली सुटायचं, पायथ्याशी मागचा ब्रेक करकचून दाबत चाक घसरवायचं, की पुन्हा वर. आठवड्याभरात गवतात एक तांबूस रेघ उमटली, केसांतल्या भांगासारखी. दामिनीला ती रेघ फार आवडायची. आपण काहीतरी केलंय, हे लांबूनही दिसायचं.

गावातही तिला ओळखायला लागले असावेत असं तिला वाटे. खालच्या बांधीतला एक म्हातारा तर तिला पाहून हात वर करायचा. कानांत गाणी असायची, त्यामुळे तो काय म्हणतो ते ऐकू यायचं नाही. पण शाबासकी देत असणार असं धरून ती आणखी दोन पायंडल जोरात मारायची.

साकोलीत आणखी एक सायकल-जमात होती. रविवार सायकल मंडळ. कपड्यांचं दुकान चालवणारा मनिष त्यांचा म्होरक्या, आणि त्याच्या हँडलला स्पीकर बांधलेला. दहा-बारा माणसं जमायची. कुणी चपला घालून, कुणी जीन्समध्ये, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. "डोकं गरम होते," असं मनिषचं शास्त्र. हे लोक निघायचे कमी आणि थांबायचे जास्त. चहाची टपरी दिसली की थांब, ओळखीचा माणूस दिसला की थांब, तलावात कमळं फुलली की फोटोसाठी थांब. परत आल्यावर बसस्टँडवर तर्रीपोहे. दामिनी मनातल्या मनात त्यांना ‘पोहे मंडळ’ म्हणायची.

एकदा ती त्यांच्याबरोबर गेली होती. बावीस किलोमीटरला चार तास लागले. त्यातली चाळीस मिनिटं तर एका गावात ललिताबाई एका आजीच्या पायाची जखम बघत बसल्या म्हणून गेली. ललिताबाई म्हणजे निवृत्त नर्स. तीस वर्षं ह्या भागातली बाळंतपणं त्यांनीच केली, लसी त्यांनीच टोचल्या, त्यामुळे एकही गाव त्यांना हाक मारल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. दामिनी घड्याळाकडे पाहत उभी राहिली आणि शेवटी ‘मला काम आहे’ सांगून एकटीच सुटली. त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही आणि ती गेली नाही.

जुलैत पाऊस लागला. ओल्या मातीवर सायकल चालवू नये, वाट खराब होते, हे तिनं व्हिडिओंत कितीदा ऐकलं होतं. पण ते व्हिडिओ परदेशातले, तिथल्या आखीव वाटांसाठीचे. आपल्याकडे कुठे वाट होती? तिची आपली साधी मातीची पाळ. उलट चिखलानं माखलेल्या सायकलीचा फोटो टाकला की बघणारे वाहवा करायचे. ती जात राहिली. महिन्याच्या शेवटी तीन दिवस आणि तीन रात्री आभाळ फाटल्यासारखं कोसळलं, तेव्हाच तेवढी ती घरी बसली.

शनिवारी रात्री पाऊस उघडला. सोमवारी ललिताबाई सकाळीच लॅबमध्ये आल्या, उपाशीपोटी साखर तपासायला. खुर्चीत बसून त्यांनी बाही वर केली आणि दामिनीनं दंडाला रबर बांधलं.

"काल नाही गेलात सायकलीवर?" दामिनीनं विचारायचं म्हणून विचारलं.

"गेलो ना वं. आमटोल्यापावतर गेलो अन् परत आलो," ललिताबाई म्हणाल्या. "गावात जाऊच नाई देल्लं. रस्त्यावर बाभरीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या. म्हने, सायकलवाल्याईनं पार फोडली."

गावच्या बोलीत पाळीला पार म्हणतात. दामिनीच्या हातातली सुई थांबली.

"फुटली?"

"पुरी नाई फुटली. पानी रेघीतून धावलं अन् अर्धी पार कापून नेली. साऱ्या गावानं पावसात रेतीची पोती रचली, तवा थांबली. खालच्या सोमाजीच्या तीन बांध्या गाळानं बुजल्या. आठ दिवसांपूर्वी लावलेला धानाचा रोवणा, सारा गेला." ललिताबाईंनी एक श्वास घेतला. "मनिषले लय बोलले. मले बी बोलले. ज्या गुड्डीले म्या ह्या हातानं जन्माले घातलं, तिच्या मायनं मले म्हनलं, नर्सबाई, तुमाले तरी अक्कल पायजे होती. आता का सांगू? आमी तं त्या पारीवर सायकल चढवतच नाई. चढतच नाई आमच्यानं. हातानं ढकलत नेतो, रस्त्यारस्त्यानं."

दामिनी पुन्हा पुन्हा शीर चाचपू लागली. ललिताबाईंनी तिच्या बोटांकडे पाहिलं.

"किती चाचपून राहिली वं? थांब जरा. शीर कुठं पळून नाई जात."

त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे दामिनीला कळलं नाही. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. रक्त काढून झालं, कापसाचा बोळा दाबून धरत त्या उठल्या, दाराशी वळून "रिपोर्ट सांजच्याले नेतो" म्हणाल्या आणि गेल्या.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत दामिनीनं ॲप उघडलं. पाळीचा तो तुकडा तिनंच त्यात नोंदवला होता आणि यादीत पहिला नंबर तिचाच होता. यादीत एकूण तीन नावं. दुसरं एका माणसाचं, चार वेळा. तिसरं एकाचं, एकदा. तिच्या नावापुढे आकडा होता सहाशे बारा. मार्चपासून सहाशे बारा वेळा ती एकाच रेघेवरून चढली होती आणि सहाशे बारा वेळा ब्रेक दाबून खाली घसरली होती. डबा तसाच राहिला.

गप्प बसणं सोपं होतं. आमटोल्यात तिचं नाव कुणालाही ठाऊक नव्हतं. हेल्मेट, गॉगल, तोंडाला रुमाल. चेहरासुद्धा कुणी धड पाहिलेला नसणार. पाळ फोडणारे म्हणून रविवार मंडळाचे फोटो गावागावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होते. आठ दिवसांनी दुसरं काही फिरलं असतं. पण त्या दिवशी ती प्रत्येकाचं रक्त काढताना ‘थोडं दुखेल’ म्हणायची आणि तिला वाटायचं, हे आपण स्वतःलाच सांगतो आहोत.

मंगळवारी पहाटे ती आमटोल्याला गेली. काट्यांपाशी उतरली, सायकल झाडाला टेकवली, हेल्मेट काढून हँडलला अडकवलं आणि चालत आत शिरली. पाच महिने रोज येऊनही ह्या गावात तिचा पाय आज पहिल्यांदा जमिनीला लागत होता. हापशीवरच्या बाईला तिनं सोमाजीचं घर विचारलं.

"घरी कायले असन तो? बांधीत आहे. गाळ उपसून राहिला."

सोमाजी म्हणजे तोच म्हातारा निघाला. पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभा राहून फावड्यानं गाळ घमेल्यात भरत होता. शेजारी त्याची बायको बेबीबाई गाळाखालून धानाची रोपं हातानं चाचपून बाहेर काढत होती. दहांतलं एखादं हिरवं निघत होतं.

दामिनी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभी राहिली. काय बोलायचं ते वाटेत आठ किलोमीटर घोकलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

"काकाजी, ते रविवारचे लोक नव्हते," ती म्हणाली. "ते पाळीवर चढतच नाहीत. ती रेघ माझी आहे. मी एकटीनंच पाडली."

सोमाजीनं फावडं टेकवलं. तिच्याकडे, मग लांब झाडाला टेकलेल्या सायकलीकडे पाहिलं.

"मले मालूम आहे," तो म्हणाला.

"मालूम आहे? मग ललिताबाईंना तुम्ही काहून बोलले?"

"लोक बोलले. मी सांगतलं का ते दुसरी आहे, एकटी येते. कोनी आयकलं नाई. सायकल म्हनजे सायकल." त्याचा आवाज चढला नाही आणि म्हणूनच तिला जास्त लागला. "म्या तुले कितीदा हात केला, पोरी. थांब म्हनलं, उतर म्हनलं, तिकडून नको जाऊ म्हनलं. तू तं आनखी जोरात जाये. मले वाटे, हे पोरगी मायी मजाक करून राहिली."

दामिनीचे कान तापले. "मला वाटलं तुम्ही शाबासकी देता," ती कशीबशी म्हणाली.

सोमाजीनं फावडं पुन्हा उचललं. मग त्याच्या नाकातून एक आवाज निघाला. ते हसू होतं की सुस्कारा, सांगता आलं नसतं.

बेबीबाईला मात्र हसू आलं नाही. हातातला चिखल झटकत ती उभी राहिली. "खरं बोलली म्हनून धानाचे पऱ्हे उभे नाई होत, बाई. तीन बांध्यांचा रोवणा आहे. पऱ्हे शेजाऱ्याईनं देऊ केले, पन लावाले बाया भेटून नाई राहिल्या. तुले कमरीत वाकता येते का?"

"येते," दामिनी म्हणाली. शाळेत असताना आजोळी दोन-तीनदा वाकली होती, एवढाच तिचा अनुभव होता.

"मंग बोलजो कमी. अन् उद्या सकारी हनुमंताच्या देवळात लोक बसतीन, तथी हेच सांगजो. नर्सबाईचं नाव साफ झालं पायजे."

देवळातली ती अर्धी घटका दामिनीला पुढे डिसेंबरात झालेल्या शर्यतीहूनही लांब वाटली. तीसएक माणसं होती. ती उभी राहून बोलली, मोबाइलवरचा आकडा तिनं स्वतःहून सांगितला. "सहाशे बारा?" कुणीतरी मागून विचारलं, "अन् जाये कुठं वं तू येवढी?" लोक हसले. दोघंजण रागानं उठून गेले आणि त्यांतला एक पुढे दिवाळीपर्यंत तिच्याशी शब्द बोलला नाही. पण त्याच सकाळी रस्त्यावरच्या काट्या बाजूला झाल्या आणि सोमाजीनं स्वतः ललिताबाईंना फोन लावला.

रविवारी दामिनी बांधीत उतरली तेव्हा साडेसहा वाजले होते. सातला रस्त्यावरून गाण्यांचा आवाज आला. अख्खं रविवार मंडळ सायकली ढकलत धुऱ्यावरून येत होतं, पुढे ललिताबाई. त्यांनी लुगड्याचा काचा आधीच खोवला होता.

"तुम्ही कशाला आलात?" दामिनीनं विचारलं. "चूक माझी आहे."

"गाव आमचं बी आहे ना," ललिताबाई म्हणाल्या. "अन् तुया एकटीच्यानं तीन बांध्या पोळ्यापावतर नाई होत."

मनिष अजून फुगलेला होता. फोटो त्याचाच फिरला होता आणि दुकानात गिऱ्हाइकं त्यावरून चिडवत होती. तो दामिनीशी न बोलता बांधीत उतरला, दहा मिनिटं वाकला आणि मग कंबर धरून उभा राहिला. "मॅडम," तो पहिल्यांदा तिच्याकडे वळून म्हणाला, "तुमी तं रोज तीस किलोमीटर मारता. तुमाले बी दुखून राहिलं का?"

"मरून राहिली मी," दामिनी म्हणाली. मनिषचा चेहरा उजळला.

बेबीबाई त्यांच्या मागून येत वाकडी रोपं सरळ करत होती आणि बडबडत होती. पण दुपारी तिनंच सगळ्यांसाठी भाकरी आणि अंबाडीची भाजी आणली. धुऱ्यावर बसून जेवताना सोमाजीनं दामिनीला विचारलं, "एक सांग. तुले चढच कायले पायजे? लोक चढ टाळतेत."

तिनं शर्यतीबद्दल सांगितलं. छाती फुटेस्तोवर चढायचं, मग वर क्षणभर सगळं शांत होतं, आणि उतारावर डोक्यात एकही विचार राहत नाही. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. सोमाजी घास चावत ऐकत होता.

"मंग गोटाडीवर जा ना. मातीची पार मानसाच्या हातची असते, तिले जपा लागते. गोटाडी देवानं केली. तथी कुसळाशिवाय काई होत नाई."

"कुठे आहे?"

सोमाजीनं गावामागे बोट दाखवलं. पळसाच्या झाडांआड दगडांची एक लांबट टेकडी होती. रस्त्यावरून ती दिसत नसे. गावात थांबलेल्या माणसालाच ती ठाऊक असायची.

पाऊस सरला, धान पोटरीला आलं, दिवाळी झाली. माती हाताला बसेल इतपत सुकली तेव्हा पाळीचं काम निघालं. मुरूम आणि काळी माती थराथरानं भरायची, प्रत्येक थर धुमसानं ठोकायचा आणि वरून हरळीच्या मुळ्या लावायच्या. चार रविवार गावचे लोक आणि सायकलवाले तिथे राबले. पाचव्या रविवारी सोमाजी दामिनीला आणि मनिषला घेऊन गोटाडीवर गेला. टेकडी गावाच्या गायरानात होती. ग्रामपंचायतीनं एका अटीवर हो म्हटलं होतं: गुरांच्या वाटेत आडवं यायचं नाही.

दामिनीनं व्हिडिओंत पाहिलेली वाट कागदावर काढून आणली होती. वरून सरळ खाली येणारी, जोरकस. सोमाजीनं कागद पाहिला, घडी करून तिला परत दिला आणि बरोबर आणलेल्या पत्र्याच्या डबकीतलं पाणी टेकडीच्या माथ्यावर ओतलं.

"आता पाह्य, कुठून जाते ते."

तिघंही पाहत राहिले. पाणी क्षणभर थबकलं, मग दगडांमधून बोटाएवढी धार धरून तिच्या कागदावरच्या रेघेनंच खाली धावलं.

"त्याची वाट त्याले सोडा लागते," सोमाजी म्हणाला. "आपली वाट आडवी न्यावं. अन् दर पंधरा पावलांवर पान्याले बाहेर जागा द्यावं. बांधीले मुही ठेवतो ना आमी, पानी काढाले, तशी."

पुढे दामिनीनं ह्या विषयावरचं बरंच काही वाचलं, तेव्हा परदेशातले लोकही जाडजूड पुस्तकांत हेच सांगत असल्याचं तिला दिसलं. तिनं ते सोमाजीला वाचून दाखवलं. "त्याईच्याकडे बी धान होत असन," तो म्हणाला.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत सव्वा किलोमीटरची वाट तयार झाली. दामिनी शर्यतीला जाऊन आली. एकवीस बायकांत नववी. तिला पहिल्या पाचांत यायचं होतं, म्हणून ती दोन दिवस कुढली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गोटाडीवर गेली. ती अजूनही सेकंद मोजायची, केळी मोजून खायची, पहाटे एकटीच निघायची. फक्त कानांतली गाणी बंद झाली होती आणि आमटोल्यात शिरताना ती वेग कमी करायची. रविवारी मात्र ती मंडळाबरोबर असायची. तिनं त्यांना सीट खाली करायला शिकवलं, उतारावर ढुंगण मागे न्यायला शिकवलं, आणि ब्रेक दोन बोटांनी चोरासारखा हळूच दाबायचा, चाक घसरू द्यायचं नाही, हे शंभरदा सांगितलं. मनिषनं हेल्मेट घेतलं. एका वळणावर पळसाच्या बुंध्याला डोकं लागता लागता वाचल्यावर त्याचं डोकं गरम होणं आपोआप थांबलं.

जानेवारीतल्या एका रविवारी नागपूरहून तिघं सायकलवाले आले. चकचकीत सायकली, एकसारखे कपडे. त्यांतल्या उंच मुलानं, संघपालनं, विचारलं, "इथला रेकॉर्ड कुणाचा आहे?"

"माझा," दामिनी म्हणाली.

तो गेला आणि तिच्याहून चार सेकंद कमी वेळात खाली आला. शेवटच्या वळणावर त्यानं मागचं चाक घसरवत मातीत लांब ओरखडा काढला आणि धुळीच्या ढगात थांबला. त्याच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या. दामिनीला ते लागलं. पहिल्यांदा रेकॉर्डसाठी आणि मग त्या ओरखड्यासाठी. ती त्याच्यापाशी गेली.

"छान चालवता तुम्ही," ती म्हणाली. "पण चाक घसरवून घेतलेली वेळ इथे धरत नाहीत."

"कुणी ठरवलं?"

"गावानं," ती म्हणाली. "वाट गावाची आहे. आणि पावसाळ्यात चार महिने बंद राहणार आहे, तेही सांगून ठेवते. काहून ते चहा पिताना सांगेन. गोष्ट लांबलचक आहे आणि त्यात मीच मूर्ख ठरते."

संघपालनं तिच्याकडे रोखून पाहिलं, मग ओरखड्याकडे. हसला. "ठीक आहे. परत जातो. न घसरवता."

तो वर जात असतानाच टेकडीच्या मध्यावर आरडाओरडा झाला. ललिताबाई दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी थांबल्या होत्या. महिनाभर त्या तिथे उतरून चालत यायच्या. आज उतरत नव्हत्या. एक पाय खडकावर, दुसरा पायंडलवर, आणि नजर खाली.

दामिनी धावत वर गेली. "सीट धरू का मागून?"

"हात नको लावू वं," ललिताबाई दात आवळून म्हणाल्या. "फकस्त बोलत राय."

"दोन बोटं ब्रेकवर. खाली नका पाहू, जिथे जायचंय तिथे पाहा. वजन मागे. आता सोडा."

त्यांनी खडकावरचा पाय उचलला. सायकल हलली, गचका खाल्ला, वळणावर एकदा डुगडुगली आणि निघाली. साठीला टेकलेली ती बाई, हेल्मेटखालून सुटलेला पांढरा शेपटा पाठीवर उडवत, प्रत्येक दगडावर "बाप्पा, बाप्पा" करत खाली जात होती. दामिनी बाजूनं धावत बोलत राहिली, मग तिला तो वेग गाठता येईना आणि ती थांबली. खाली पोहोचल्यावर ललिताबाईंनी सायकल चक्क जमिनीवर टाकून दिली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून वर पाहिलं. मनिषनं स्पीकरवर गाणं लावलं. नागपूरचे दोघंही टाळ्या वाजवत होते.

सगळे टेकडीखालच्या बेबीबाईच्या अंगणात चहाला जमले. संघपाल सगळ्यांत शेवटी आला. ह्या वेळी त्याला अकरा सेकंद जास्त लागले होते आणि तो ते स्वतःच हसत सांगत होता. दामिनीनं मनातल्या मनात हिशेब केला. तिची वेळ अजून तीन सेकंदांनी तरी कमी करता येईल. तिसऱ्या वळणाच्या आधी ती उगाच भिते.

एवढ्यात वरून सोमाजीनं हाक मारली. तो त्या शेवटच्या वळणावर उकिडवा बसून ओरखडा बोटांनी चाचपत होता.

"दामिनी, इथं एक गोटा बसवा लागते. पानी वळते इकडून."

"आले जी," ती म्हणाली. सायकल तिनं कुडाच्या भिंतीला टेकवली, चहाचा कप बेबीबाईला झाकून ठेवायला सांगितला आणि ती पायीच टेकडी चढू लागली.